विमानाचे वय कशावरून ठरवायचे?

तार एकदा वाकवली तर तुटत नाही. तीच पुन्हापुन्हा वाकवली की तुटते. धातूच्या या थकव्याचा पद्धतशीर अभ्यास एकोणिसाव्या शतकात व्होलर या जर्मन अभियंत्याने रेल्वेच्या आसांवर केला. विमानांना मात्र हा धडा फार महागात पडला.

१९५४ च्या जानेवारीत आणि एप्रिलमध्ये दोन 'कॉमेट' जेट विमाने इटलीजवळ हवेतच फुटली. ५६ माणसे दगावली. मग इंग्लंडमध्ये फार्नबरो येथे तिसरे कॉमेट पाण्याच्या टाकीत ठेवून, उड्डाणात केबिनमधला दाब जसा चढतो-उतरतो तसा तो वारंवार चढवला-उतरवला. खरी आणि कृत्रिम मिळून सुमारे ३,००० उड्डाणे झाल्यावर खिडकीच्या कोपऱ्यापाशी पत्रा फाटला.

पण एकाच दिवशी बनलेली दोन विमाने सारखीच थकतात का? नाही. नाशिकजवळ ओझरला बनलेल्या मिग-२१ सारख्या लढाऊ विमानाचा विचार करू. तीव्र वळणात त्याच्या पंखांवर वजनाच्या कित्येक पट भार येतो. सरळ उड्डाणात तेवढा येत नाही. म्हणून विमानातच मोजणी सुरू झाली. आधी हिसके मोजणारी यंत्रे आली. मग पंखाला चिकटवलेल्या ताणमापक पट्ट्या आल्या. ताण पडला की पट्टीतील धातू किंचित लांबतो व त्याचा विद्युतरोध वाढतो.

तरीही पट्टी जिथे चिकटवली तिथलाच ताण सांगते. तडा दुसरीकडेही जाऊ शकतो. म्हणून तपासनिसाची नजर अजून लागतेच.

वर्गात आपण एकसारख्या दोन तारा घेऊ. एक थोडी, दुसरी जास्त वाकवू आणि किती वेळा वाकवल्यावर तुटते ते मोजू. वय तारखेवरून नव्हे, सोसलेल्या भारावरून ठरते, हे मुलांना सांगावे लागणार नाही.