कुऱ्हाडीने घडवलेलं चाक

तुमची जागा मागे आहे. पेट्रोलच्या दोन लांबट टाक्या, त्यांच्या मधल्या फटीत कसंबसं कोंबलेलं एक आसन, आणि पाय कुठे ठेवायचे याचा पत्ता नाही. एरवी इथे लुइजी बार्झिनी बसतो, मिलानच्या ‘कोरिएरे देल्ला सेरा’चा बातमीदार. आज एका दिवसापुरती त्याची जागा तुम्हाला मिळाली आहे. गाडीला टप नाही, समोर काच नाही. तोंड उघडलंत तर धूळ खाल.

समोर सुकाणूपाशी प्रिन्स शिपिओने बोर्गेझे, इटलीतल्या जुन्या सरदार घराण्यातला. शेजारी त्याचा मेकॅनिक एत्तोरे ग्विझार्दी. या पोराचे वडील आगगाडीचे ड्रायव्हर होते. बोर्गेझेच्या जहागिरीजवळ झालेल्या रेल्वे अपघातात ते गेले, आणि तेव्हापासून एत्तोरे याच घरात वाढला. गाडीत तो फारसा बोलत नाही. कान मात्र सतत गाडीकडे लावून असतो.

तुमच्या खिशातली डायरी जुलै १९०७ चा तिसरा आठवडा दाखवते. रस्त्यात भेटलेल्या पाद्र्याला तारीख विचाराल, तर तो म्हणेल, जुलै नुकताच लागलाय. रशियात अजून जुनी दिनदर्शिका चालते, जगाच्या तेरा दिवस मागे. तुम्ही पेर्म प्रांतात आहात. गाडी १० जूनला पेकिंगहून निघाली, तिला पॅरिसला पोचायचं आहे. ‘ल मातँ’ या पॅरिसच्या दैनिकाने ३१ जानेवारीला पहिल्या पानावरून आव्हान दिलं होतं की पेकिंग ते पॅरिस मोटारीने जायला आहे का कुणी तयार? पाच गाड्या निघाल्या. तुमची ‘इटाला’ सगळ्यांत मोठी, सात लिटरपेक्षा जास्त क्षमतेच्या चार सिलिंडरच्या इंजिनाची. बाकीच्या चार गाड्यांपैकी तीन कुठेतरी मागे राहिल्या आहेत आणि चौथी गोबीच्या वाळूत कायमची थांबली आहे.

रस्ता म्हणजे टपालगाड्यांचा जुना मार्ग. एके काळी यावरून घोडागाड्यांची अखंड वर्दळ असे. सैबेरियाची रेल्वे झाली, आणि रस्त्याचं नशीब फिरलं. मालही रेल्वेने, माणसंही रेल्वेने. लाकडी पूल कुजत राहिले, खड्ड्यांत गवत उगवलं. बर्चची झाडं दोन्ही बाजूंनी सरकताहेत, आणि त्यांच्या सळसळीत तुम्हाला आणखी एक आवाज ऐकू येतो. कर्र. थोडं थांबून पुन्हा कर्र.

एत्तोरेने तो तुमच्या आधी ऐकला आहे. मान न वळवता तो बोट मागे दाखवतो.

हा आवाज मराठी माणसाला ओळखीचा आहे. ऐन उन्हाळ्यात बैलगाडीचं चाक वाळतं, मधल्या तुंब्यात आरे हलायला लागतात, वरची लोखंडी धाव सैल होते, तेव्हा चाक असंच रडतं. गावाकडे उपायही ठरलेला असतो, चाक ओढ्यात नाहीतर डोहात घालून ठेवायचं. लाकूड फुगलं की सांधे आवळतात. १९०७ ची मोटार वरून कितीही नव्या युगाची दिसो, तिची चाकं लाकडाची आहेत. गोबीत ती वाळली, सैबेरियाच्या चिखलात भिजली, उन्हात पुन्हा वाळली. फरक एवढाच की बैलगाडी बैल ओढतात, म्हणून तिचं चाक नुसतं गडगडत जातं. मोटारीचं मागचं चाक इंजिन आतून पिळतं. सगळा जोर तुंब्यापाशी आऱ्यांच्या मुळावर येतो, आणि तिथलं लाकूड रोज थोडं थोडं झिजतं. पाणी पाजून अशा चाकाला फार दिवस धकवता येत नाही.

मग ते मोडतंच. मोठा आवाज वगैरे काही होत नाही. गाडी एका बाजूला कलते, तुम्ही टाकीवर आपटता, आणि इंजिन बंद झाल्यावर एकाएकी डासांचा गुणगुणाट ऐकू येतो.

खाली उतरून बघा. आरे तुंब्यातून निसटले आहेत. गाडीवर जादा टायर बांधलेले आहेत, पिरेल्लीचे, उत्तम. पण टायर बसवायचा कशावर? जादा चाक नाही. बोर्गेझेइतकी तयारी दुसऱ्या कुणी केली नसेल. निघण्याआधी तो घोड्यावर बसून चीनच्या डोंगरातल्या खिंडी हिंडून आला. हातात गाडीच्या रुंदीइतकी कापलेली बांबूची काठी होती, ती आडवी धरून गाडी जाईल की नाही हे तो मोजत होता. गोबीसाठी पेट्रोल आधीच उंटांवरून रवाना झालं होतं. गाडीचे मडगार्डसुद्धा असे केले होते की सोडवून रुतलेल्या चाकाखाली फळ्यांसारखे घालता यावेत. इतका विचार करणाऱ्या माणसालाही एक चाक नडलं. मला तो या क्षणी जरा जास्त आवडतो.

लोक जमतात. गाव कुठे दिसत नव्हतं, तरी लोक जमतात. हे आपल्याकडेही असंच. अनवाणी पोरं, डोक्याला रुमाल बांधलेल्या बायका, सैल सदऱ्यावर पट्टा बांधलेले पुरुष. यातल्या बहुतेकांनी मोटार कधी पाहिलेली नाही. इंजिनाला हात लावायला ते घाबरतात. चाकाला मात्र कुणी घाबरत नाही. चाक त्यांच्या घरातलं आहे. एक जण वाकतो, मोडका आरा हातात घेऊन वळवून बघतो, दुसऱ्याला दाखवतो, आणि दोघंही मान हलवतात. रोग कळला आहे.

आणि ते तुम्हाला घेऊन जातात गाड्या-घसरगाड्या बनवणाऱ्या माणसाकडे.

या जंगली प्रांतात ही विद्या घरोघर असते. हिवाळ्यात शेती बर्फाखाली जाते, तेव्हा माणसं लाकडाकडे वळतात. अंगणात मुरवायला ठेवलेले ओंडके रचलेले आहेत. तो माणूस तुमच्याकडे बघतही नाही, चाकाकडे बघतो. त्याच्या हातात कुऱ्हाड आहे, आणि तुम्ही वाट बघता की आता करवत येईल, रंधा येईल, पटाशी येईल. काही येत नाही. इथे कुऱ्हाडच करवत, कुऱ्हाडच रंधा. घरं याच हत्याराने उभी राहतात. त्यामागे हिशेबही आहे. करवतीने लाकडाच्या शिरा आडव्यातिडव्या कापल्या जातात, कुऱ्हाडीने ते शिरेशिरेने फुटतं, म्हणून आरा भार पेलतो. पात्याच्या घावाने दाबला गेलेला पृष्ठभाग पाणीही कमी पितो.

तो फोडतो, छिलतो, डोळ्याजवळ धरून बघतो, पुन्हा छिलतो. पात्याची धार बोटापासून नखभर अंतरावरून जाते आणि तुमचाच जीव वरखाली होतो. पातळ, कुरळ्या ढलप्यांचा त्याच्या पायाशी ढीग होतो. एत्तोरे जुन्या चाकाचं लोखंड सोडवून पुसून ठेवतो. त्या दोघांत एकाही भाषेतला शब्द सामाईक नाही, तरी आरा जाड हवा की बारीक यावर त्यांचा चक्क वाद होतो. जाड ठरतो. बरोबर आहे. तुरीनच्या कारखान्यातलं चाक देखणं होतं, सडसडीत होतं. आणि ते मोडलं.

नवं चाक बसतं तेव्हा गाडी विचित्र दिसते. तीन चाकं कारखान्यातली, चौथं शेतकऱ्याचं. पण इंजिन सुरू होतं, ते पिळवटणारं बळ नव्या आऱ्यांवर येतं आणि आरे हूं की चूं करत नाहीत. गाडी चालू लागते. पोरं मागे धावतात.

‘ल मातँ’ला सिद्ध करायचं होतं की मोटार असली की माणूस कुठेही जाऊ शकतो. तुम्ही एक दिवस तिच्यात बसलात, तुम्हाला वेगळं दिसलं असेल: ती वाटेतल्या माणसांमुळे जाते. पेकिंगच्या उत्तरेला नानकौच्या घाटात ही गाडी हमालांनी दोरखंड लावून ओढली. बैकल सरोवराच्या काठी कुजका पूल खचून ती मागच्या अंगाने खाली गेली, तेव्हा कामगारांनी तुळया लावून वर काढली. गोबीत पेट्रोल संपून तहानेने मरायला टेकलेल्या, त्या चौथ्या गाडीच्या ओग्युस्त पों याला तिथल्याच लोकांनी वाचवलं. मागे राहिलेल्या ‘स्पायकर’ गाडीवाला शार्ल गोदार तर अट्टल लफंगा, पण त्याच्या गाडीचा ठिणगी पाडणारा मॅग्नेटो बिघडला तेव्हा तोम्स्कच्या तंत्रशिक्षण संस्थेतल्या मंडळींनी तो नीट करून दिला. त्याचं चारित्र्य कुणी विचारलं नाही.

आता आजच्या काळात परत या. आजची गाडी परक्या देशात बंद पडली तर तिथला माणूस तितकाच भला असेल. तो थांबेल, पाणी देईल, फोन लावून देईल, रात्री घरी झोपवेल. गाडीला मात्र हात लावू शकणार नाही. बॉनेटखाली बंद डबे आहेत आणि त्यांची भाषा फक्त संगणकाला येते. मला यात दोष गाडीचा वाटतो. आज ती जवळजवळ कधी मोडत नाही हे कबूल, पण मोडली की मदत करू इच्छिणाऱ्याला ती रिकाम्या हाताने परत पाठवते.

इटाला १० ऑगस्ट १९०७ रोजी पॅरिसला पोचली, आणि तीही मॉस्कोहून मुद्दाम वाट वाकडी करून, सेंट पीटर्सबर्गची मेजवानी झोडून. मागे राहिलेल्या तीन गाड्या आल्या ३० ऑगस्टला. बक्षीस होतं शँपेनची एक मोठी बाटली. गाडी आज तुरीनच्या मोटार संग्रहालयात आहे. कधी गेलात तर इंजिन बघाच, सगळेच बघतात. पण आधी चाकांपाशी वाका आणि आरे बघा.