विमानाच्या अंगावरील अक्षरे



इतिहासाचे व्याख्यान म्हटले की ताम्रपट, शिलालेख, एखादी बखर असे काही तरी श्रोत्यांस अपेक्षित असते. मी आज ज्या लेखाविषयी बोलणार आहे तो दगडावर कोरलेला नाही. तो ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर आणि त्याही आधी साध्या ताणलेल्या कापडावर रंगविलेला आहे. विमानाच्या अंगावरील अक्षरे हा माझा विषय. दवनीवाड्यास तो परका वाटू नये. आपल्याच तालुक्यात बिरसी येथे दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४० साली, ब्रिटिशांनी विमानांसाठी धावपट्टी बांधली आणि पुढे तेथे वैमानिकांचे शिक्षण सुरू झाले. असे शिकाऊ विमान खालून जाताना दिसले, तर त्याच्या डाव्या पंखाच्या खालच्या बाजूस पाहावे. व्ही, टी, मग एक आडवी रेघ आणि पुढे तीन अक्षरे.

आता हल्लीची तरुण मंडळी या अक्षरांशी काय करीत आहेत ते सांगतो. संगणकावर विमान उडविण्याचे खेळ असतात. त्यांतील विमानाला हवा तो ऐतिहासिक वेष चढविता येतो. त्या वेषास ही मंडळी 'स्किन' म्हणतात. शिंपी सदरा बेतून त्याचे तुकडे टेबलावर पसरतो, तसे विमानाचे सारे अंग उलगडून सपाट केलेले हे चित्र असते. ते फोटोशॉप किंवा जिंपसारख्या आज्ञावलीत रंगवावयाचे आणि संगणकाने ते विमानाच्या आकारावर गुंडाळावयाचे. रंग भरणे त्या मानाने सोपे. घोडे पेंड खाते ते अक्षरांपाशी.

उदाहरण घरचेच घेऊ. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन अहमदाबादमार्गे मुंबईस जुहूला उतरले. ते विमान पस मॉथ जातीचे, अंग कापडाचे, आणि त्यावर अक्षरे व्हीटी-एडीएन. एखादा मुलगा हे विमान रंगवावयास बसतो, संगणकात आयता मिळालेला टाइप निवडतो आणि पाच अक्षरे टंकून मोकळा होतो. जाणत्याच्या डोळ्यास ते तत्काळ खटकते. अशी अक्षरे छापखान्यातील खिळ्यांची नव्हतीच. पेंटरने पट्टी आणि कुंचला घेऊन ठरलेल्या मापाने ती आखलेली असत. आजचा आंतरराष्ट्रीय नियम पाहा. अक्षरे रोमन, मोठी, बिननक्षीची. रुंदी उंचीच्या दोनतृतीयांश, रेघेची जाडी उंचीच्या एकषष्ठांश. म्हणजे ३० सेंटिमीटर उंच अक्षर २० सेंटिमीटर रुंद आणि त्याची रेघ ५ सेंटिमीटर जाड. ब्रिटिश लष्करी विमानांच्या क्रमांकाचे माप निराळे : उंची ८ इंच, रुंदी ५, जाडी १. ही प्रमाणे सर्वसाधारण आयता टाइप तंतोतंत पाळीत नाही. म्हणून चांगला कारागीर अक्षर टंकीत नाही, चौकटी आखून बांधतो. ते वेगळ्या थरावर ठेवतो आणि थोडे पारदर्शक करतो, म्हणजे खालच्या पत्र्याचे सांधे आणि रिव्हेटांच्या ओळी रंगातून डोकावतात. आणि नियम दर काळात बदलत गेले, म्हणून पट्टीइतकेच त्या सालचे छायाचित्र हाताशी लागते.

दुसरी एक गंमत आहे. खेळातील कित्येक विमानांत डाव्या आणि उजव्या अंगासाठी चित्राचा एकच तुकडा वापरलेला असतो. एक अंग दुसऱ्याचे आरशातील प्रतिबिंब! तिथे अक्षरे लिहिली की एका बाजूस ती उलटी उमटतात. एअर इंडियाच्या विमानांवर तर एका अंगास नागरीत आणि दुसऱ्या अंगास रोमन लिपीत नाव लिहिण्याची पद्धत होती. ते दाखवावयाचे तर दोन्ही अंगांस स्वतंत्र जागा दिल्यावाचून गत्यंतर नाही.

या 'व्हीटी'चीही एक कथा आपल्याकडे घरोघर ठाऊक आहे : 'व्हाइसरॉयज टेरिटरी', म्हणजे व्हाइसरॉयचा मुलूख, आणि म्हणून हे गुलामीचे चिन्ह. कथा चटकदार आहे, पण ती मला ग्राह्य वाटत नाही. १९२७ च्या वॉशिंग्टन येथील बिनतारी परिषदेत देशोदेशी आद्याक्षरे वाटली गेली. व्ही हे अक्षर ब्रिटिश साम्राज्यातील अनेक मुलखांस मिळाले. ऑस्ट्रेलियाच्या वाट्यास व्हीएच आले. तेथे कोठला व्हाइसरॉय? साम्राज्याचा वास या अक्षरास आहे हे खरे, पण त्याचा अर्थ मागाहून लावलेला आहे.

अक्षरांच्या शेजारी वर्तुळे येतात आणि तिथे तर सालाची चूक अक्षम्य ठरते. १९४४ साली इंफाळच्या रणभूमीवर अर्जन सिंग यांच्या नेतृत्वाखालील पहिल्या स्क्वाड्रनची हरिकेन विमाने लढत होती. त्या आघाडीवर वर्तुळातील लाल ठिपका काढून टाकलेला होता, कारण जपानी विमानावर लाल सूर्य असे. जो त्या हरिकेनवर लाल ठिपका काढतो, तो त्या बिचाऱ्या वैमानिकास आपल्याच तोफांच्या तोंडी देतो! स्वातंत्र्यानंतर काही काळ अशोकचक्र आले आणि प्रजासत्ताकानंतर केशरी-पांढरे-हिरवे वर्तुळ. त्यातून जुनी छायाचित्रेही फसवितात. एका जातीच्या जुन्या फिल्मला लाल रंग दिसतच नसे, तो काळा उमटे आणि निळा फिकट. छायाचित्रातील काळे अक्षर मुळात तांबडे असू शकते.

आता सर्वांत नाजूक प्रकरण. २७ ऑक्टोबर १९४७ रोजी पहिल्या शीख पलटणीचे जवान डाकोटा विमानांतून श्रीनगरला उतरले. त्यांतील एकाचा क्रमांक व्हीपी ९०५. २०१८ साली इंग्लंडात दुरुस्त केलेले एक जुने डाकोटा आपल्या वायुसेनेस भेट मिळाले, त्याचे नाव 'परशुराम' ठेवले आणि त्याच्या अंगावर हाच व्हीपी ९०५ क्रमांक रंगविला. विमान निराळे, क्रमांक त्या विमानाचा! हे खोटे म्हणावे काय? माझ्या मते नाही, कारण हा क्रमांक स्मरणार्थ दिला आहे हे वायुसेनेने उघड सांगितले. नातवास आजोबांचे नाव ठेवावे तसे ते आहे. परंतु या विमानाचे आजचे छायाचित्र करडे करून, त्यावर दोन ओरखडे पाडून, कोणी '१९४७, श्रीनगर' अशी ओळ खाली लिहिली, तर तो बनावट दस्तऐवज झाला. आणि हे काम आज दहा मिनिटांचे आहे. शाळेच्या भिंतीवर ते चित्र एकदा चिकटले की पुढच्या पिढीचा शिक्षक त्याच्याकडे बोट दाखवून शिकविणार.

म्हणून जे या छंदात आहेत त्यांना माझी एक सूचना आहे. स्किन पुरी झाली की तिच्यासोबत चार ओळी लिहून ठेवाव्यात : विमान कोणते, साल कोणते, अक्षरांचे माप कोणत्या छायाचित्रावरून घेतले, आणि कोणता भाग अंदाजाने भरला.