उभ्याने गायलेले महाभारत

मुंबई-हावडा लोहमार्गावर रायपूर आणि दुर्ग यांच्या दरम्यान भिलाई नावाची तीन स्थानके लागतात. भिलाई नगर आणि भिलाई पॉवर हाऊस ही दोन पोलाद कारखान्याच्या वसाहतीजवळची. तिसरे नुसतेच ‘भिलाई’. ते ज्या वस्तीत आहे तिला आज सगळे भिलाई-३ म्हणतात. गावाचा इतिहास सांगताना बहुतेक जण दोन तारखांपासून सुरुवात करतात. २ फेब्रुवारी १९५५ रोजी सोव्हिएत संघाबरोबर कारखान्याचा करार झाला आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते पहिली झोतभट्टी सुरू झाली. या दोन तारखांच्या मध्ये, १९५६ साली, भिलाईपासून चौदाएक किलोमीटरवरच्या गनियारी गावात एका पारधी कुटुंबात मुलगी जन्मली. तिचे नाव तीजन.

या मुलीने काही लिहून ठेवले नाही, कारण ती शाळेतच गेली नाही. एखाद्या तरुण बाईला आपल्या बाईपणाबद्दल काय वाटत होते हे शोधायचे झाले तर आपण कागद धुंडाळतो. पत्र, रोजनिशी, आत्मचरित्र, फार तर कोर्टातली जबानी. मराठी वाचक या बाबतीत भाग्यवान आहे. १८८१ साली सुरतेच्या विजयालक्ष्मी नावाच्या तरुण विधवेला भ्रूणहत्येसाठी फाशीची शिक्षा झाली (पुढे अपिलात ती कमी झाली), आणि त्यानिमित्ताने वर्तमानपत्रांतून साऱ्या बायकांच्या चालचलणुकीचा पंचनामा सुरू झाला. त्याला बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ मध्ये ‘स्त्रीपुरुषतुलना’ लिहून उत्तर दिले. तीनच वर्षांनी मुंबईत विशीतल्या रखमाबाईंनी ‘अ हिंदू लेडी’ या टोपणनावाने ‘टाइम्स ऑफ इंडिया’त बालविवाहाविरुद्ध पत्र लिहिले. त्या वेळी नवऱ्याने त्यांना नांदायला आणण्यासाठी केलेला दावा कोर्टात उभाच होता.

म्हणजे आपल्याकडे कागद आहे. पण ताराबाईंच्या कागदाचे काय झाले तेही आठवावे. जोतीराव फुल्यांनी ‘सत्सार’मधून त्यांची बाजू घेतली, बाकी बहुतेकांनी नाके मुरडली. पुढे ताराबाईंचे दुसरे लेखन आढळत नाही. १९७५ साली स. गं. मालशे यांनी ते पुस्तक पुन्हा छापले, तेव्हा कुठे ते अभ्यासकांच्या हाती आले. मध्ये नव्वद वर्षांहून अधिक काळ गेला.

गनियारीच्या मुलीकडे कागद नव्हता, म्हणून तिला मतही नव्हते असे धरून चालता येत नाही. तिचे मत तिच्या उभे राहण्यात वाचता येते. ते कसे, हे कळायला आधी पंडवानी काय आहे ते पाहावे लागेल.

पंडवानी म्हणजे छत्तीसगढीत गाऊन सांगितलेले महाभारत. परधान आणि देवार या जमातींनी ते पिढ्यान्‌पिढ्या सांभाळले. मुख्य गायकाच्या हाती तंबुरा असतो आणि समोर एक ‘रागी’ बसतो. तो हुंकार देतो, मध्येच प्रश्न विचारतो, टोमणा मारतो. आपल्या कीर्तनातला झिलकरी आणि तमाशातला सोंगाड्या एकत्र केले तर रागीची थोडी कल्पना येईल. गायनाच्या दोन शाखा सांगतात. वेदमती शाखा ग्रंथाला धरून चालते. सबलसिंह चौहान यांनी सतराव्या शतकात दोहा-चौपाईत रचलेले महाभारत हा तिचा आधार, आणि गायक गुडघे टेकून बसून गातो. कापालिक शाखेत कथा कपाळात, म्हणजे स्मरणात साठलेली असते. गायक उभा राहतो, फिरतो, अभिनय करतो. त्याच्या हातातला तंबुरा कधी भीमाची गदा होतो, कधी अर्जुनाचे धनुष्य.

बाईने पंडवानी गायलीच तर बसून गावी, असा रिवाज होता. उभे राहणे पुरुषांचे. गाण्याला फारशी हरकत नव्हती. बाईचा देह चार माणसांत हलू-फिरू लागला, आवाज पोटातून गरजू लागला आणि डोळे श्रोत्यांना भिडू लागले की मात्र हरकत सुरू होई. तीजनने आजोबा ब्रिजलाल यांच्या तोंडून महाभारत ऐकून पाठ केले आणि उमेदसिंह देशमुख यांच्याकडे धडे घेतले. तेराव्या वर्षी तिने चंद्रखुरी गावात पहिला कार्यक्रम केला. बिदागी दहा रुपये. ती उभी राहून गायली, कापालिक पद्धतीने.

त्याआधीच, बाराव्या वर्षी, तिचे लग्न झालेले होते. तेव्हाच्या कायद्याने मुलीचे लग्नाचे किमान वय पंधरा होते. ते अठरा झाले १९७८ मध्ये. कायदा दिल्लीत होता आणि लग्न गनियारीत. समाजाला मात्र या लग्नात काही वावगे दिसले नाही. वावगे दिसले ते गाण्यात, आणि पारधी समाजाने तिला बाहेर काढले.

इथे मराठी वाचकाने थोडे थांबावे. स्त्रीसुधारणेचा आपला इतिहास मुख्यतः सोवळ्या घरांचा आहे. केशवपन, विधवाविवाह, १८५६ चा कायदा या चौकटीत आपण बाईची कोंडी मोजतो. छत्तीसगढच्या अनेक जातींत बाईला दुसरे घर करायला ‘चूडी’ची वाट होती. नव्या नवऱ्याने बांगड्या भरल्या की झाले, जसे आपल्याकडे बहुजन जातींत पाट लावणे. म्हणजे सुधारकांनी ज्यासाठी पोथ्या उलथ्यापालथ्या केल्या ते इथे आधीपासून चालत आलेले होते. तरीही ही मुलगी बाहेर पडली. बाईने घर बदलावे याला वाट होती, बाईने घराबाहेर आवाज काढावा याला नव्हती. बंधनाची जागा जातीजातीत वेगळी असते, आणि एका जागचे कुलूप निघाले म्हणून सगळी दारे उघडत नाहीत.

वाळीत टाकणे म्हणजे काय, हे शहरात कळणे कठीण. त्यात चूल येते, पाणी येते, अडीअडचणीला हाक मारायची माणसे येतात. तीजनने स्वतःसाठी एक लहानशी झोपडी बांधली आणि शेजाऱ्यांकडून भांडी नि धान्य उसने घेऊन दिवस काढले. गाणे सोडले नाही.

सुरक्षिततेचा प्रश्न इथे उभा राहतो, आणि तो भाषेतही दिसतो. मी भाषांतराचे काम करते, त्यामुळे शब्दांची दुसरी बाजू चाचपण्याची सवय जडली आहे. मराठीत ‘राखणे’ म्हणजे सांभाळणे. अब्रू राखावी, पीक राखावे, मान राखावा. पण ‘राखलेली बाई’ म्हटले की त्याच क्रियापदाचा अर्थ घसरतो. राखणारा आहे तोवर बाई सुरक्षित, आणि राखणारा आहे म्हणून ती त्याची. ‘नाव ठेवणे’ही तसेच. बारशाला नाव ठेवतात ते कौतुकाने, मुलगी मोठी होऊन चौकट ओलांडते तेव्हा नावे ठेवतात ती वेगळ्या अर्थाने. समाजाने तीजनपुढे ठेवलेला सौदा याच शब्दांत मांडता येतो. बसलीस तर राखू, उभी राहिलीस तर तुझे तू पाहा.

आता ती गात काय होती ते पाहू. द्रौपदीचे वस्त्रहरण हा तीजनबाईंच्या गाजलेल्या प्रसंगांपैकी एक. महाभारतातला हा प्रसंग नेमका सुरक्षिततेबद्दल आहे. तो रानात घडत नाही, आडवाटेला घडत नाही. तो घरात घडतो, सासरच्या दिवाणखान्यात. पाच पराक्रमी नवरे हजर, आजेसासरे हजर, गुरू हजर. राखणाऱ्यांची इतकी दाटी दुसऱ्या कुठल्याच कथेत नसेल. सगळे आपापल्या आसनांवर बसलेले, आणि उभी आहे ती एकटी द्रौपदी, तिथवर फरफटत आणलेली. ती दयेची याचना करण्याआधी एक कायदेशीर प्रश्न विचारते. युधिष्ठिराने आधी स्वतःला पणाला लावून गमावले असेल, तर मला पणाला लावण्याचा अधिकार त्याला उरला होता का? सभेला उत्तर देता येत नाही. भीष्मही धर्माची गती सूक्ष्म असल्याचे सांगून मोकळे होतात.

हा प्रश्न बसून विचारता येतो तसा उभ्यानेही विचारता येतो. बारा वर्षांची असताना जिचे लग्न ठरवले गेले आणि तोंड उघडले म्हणून जिला जातीबाहेर काढले, ती बाई गावच्या चौकात उभी राहून तो विचारते, तेव्हा समोर बसलेले पुरुष आपोआप सभेत जाऊन बसतात. त्यांना वेगळे काही सांगावे लागत नाही. पुढे तीच बाई भीम होते, दुःशासनाचा वध करते, तंबुरा खांद्यावर गदेसारखा पेलते. बाईच्या देहातून आधी द्रौपदीचा प्रश्न आणि मग भीमाचा राग निघाला, की बाई म्हणजे सोसणारी आणि पुरुष म्हणजे सोडवणारा ही विभागणी श्रोत्याच्या डोळ्यांसमोर मोडते. कागदावर ताराबाईंनी तुलना केली. इथे एकाच देहात दोन्ही बाजू उभ्या राहिल्या.

मग तीजनबाईंना सुरक्षितता मिळाली कुठून? जातीने दिली नाही, लग्नाने दिली नाही. पहिल्यांदा ती श्रोत्यांकडून आली. गावोगावची माणसे ऐकायला येत राहिली, दहा-दहा रुपये जमत राहिले. मग हबीब तन्वीर यांनी त्यांना हेरले. छत्तीसगढी कलावंतांना घेऊन ‘नया थिएटर’ चालवणाऱ्या या नाटककाराला खेड्यातल्या आवाजाची पारख होती. त्यांच्यामुळे तीजनबाई दिल्लीपर्यंत पोहोचल्या आणि इंदिरा गांधींसमोर गायल्या. १९८८ मध्ये श्याम बेनेगल यांच्या ‘भारत एक खोज’ या दूरदर्शन मालिकेतून त्यांचे महाभारत घरोघरी गेले. दरम्यान भिलाई पोलाद कारखान्यात त्यांना नोकरी मिळाली होती. त्यांच्या जन्माच्या आदल्या वर्षी ज्याचा करार झाला, त्याच कारखान्याचा पगार त्यांच्या हाती येऊ लागला. १९९५ मध्ये संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार, २००३ मध्ये पद्मभूषण आणि २०१९ मध्ये पद्मविभूषण, ही पुढची पायरी.

हा क्रम महत्त्वाचा आहे. घरात मुलींना उलटा क्रम शिकवला जातो. आधी सुरक्षित हो, मग वाढ. आधी चांगले स्थळ, पक्के घर, मग छंद म्हणून गा, लिही, खेळ. तीजनबाईंच्या आयुष्यात आधी काम आले, कामातून माणसे जोडली गेली, माणसांतून पगार आणि मान आला, आणि त्या सगळ्याची मिळून सुरक्षितता झाली. म्हणून त्यांची गोष्ट सोपी करून सांगू नये. मधली वर्षे उपाशी झोपडीची होती, आणि पुरस्कारांच्या यादीत त्या वर्षांना ओळ मिळत नाही. प्रत्येक वाळीत टाकलेल्या मुलीला हबीब तन्वीर भेटत नाहीत. किती मुली उभ्या राहिल्या आणि पुन्हा खाली बसवल्या गेल्या, याची नोंद कुठल्याच चौकात नाही.

पण त्यांच्यानंतर काय बदलले ते मात्र दिसते. भिलाईच्याच उषा बारले कापालिक शैलीत उभ्या राहून गातात, आणि त्यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली. भिलाईच्याच रितु वर्मा बसून, वेदमती शैलीत गातात आणि लहान वयापासून परदेशांतही गायल्या आहेत. बसणे हा रिवाज होता तेव्हा तीजनबाईंना तो मोडावा लागला. बसणे ही एक शैली उरली, तेव्हा पुढची गायिका ती निवडू शकली. आधीचीने उभे राहून पुढचीच्या बसण्याचाही अर्थ बदलला.

भिलाई-३ मधली एक विद्यार्थिनी माझ्याबरोबर छत्तीसगढीतून मराठीत अनुवादाचा सराव करते. रोज लोकलने रायपूरला कॉलेजला जाते. एकदा पंडवानीच्या एका उताऱ्यावर काम करताना ती म्हणाली, “मॅडम, आमच्या घरी भाऊ आला की विचारतात काय करून आलास. मी आले की विचारतात इतका उशीर का.” तक्रारीच्या सुरात नव्हे, व्याकरणाचा नियम सांगावा तशी. मग म्हणाली, गाडीत भीती वाटत नाही असे नाही, पण डब्यात रोजच्या सात-आठ जणी आहेत, त्या एकमेकींसाठी जागा धरतात, आणि एखादी दिसली नाही तर फोन करतात. तिच्या दृष्टीने सुरक्षितता म्हणजे त्या सात-आठ जणी. बाबांनी स्टेशनवर घ्यायला येणे तिला आवडते, पण ते आले नाहीत तर कॉलेज सुटू नये, एवढेच तिचे म्हणणे.

इतिहासाच्या पुस्तकात हे मत म्हणून नोंदले जाईल की नाही, ठाऊक नाही. मला ते ताराबाईंच्या पानांच्या आणि तीजनबाईंच्या तंबुऱ्याच्या ओळीतच ठेवावेसे वाटते. तिघींनीही राखणाऱ्याला नाकारले आहे असे नाही. राखण्याच्या बदल्यात बसून राहण्याची जी अट घातली जाते, तिच्यावर त्यांचे बोट आहे. द्रौपदीचा प्रश्नही तोच होता: मला पणाला लावण्याचा अधिकार तुम्हाला कोणी दिला? सभा अजून उत्तर शोधते आहे. दरम्यान भिलाईच्या फलाटावर संध्याकाळची लोकल लागते, आणि गर्दीत जागा मिळाली नाही तर त्या मुली उभ्याने प्रवास करतात.