बोंबलाचं बदक, बदकाचे साहेब

मे संपत आला की भिवंडीच्या बाजारात सुक्या मासळीचा वास दरवळू लागतो. पावसाळ्याची बेगमी करायची असते. बोंबील घेताना जाणती बाई तो आधी वाकवून बघते. कडकन मोडला तर नीट वाळलेला, नुसता लवला तर आत ओल राहिलेली. ताज्या बोंबलाच्या अंगात पाणीच पाणी, म्हणून उत्तन-वसई-अर्नाळ्याकडे दोन-दोन बोंबील एकमेकांच्या जबड्यात अडकवून दोरीवर टांगतात. दात आतल्या बाजूला वळलेले असतात, त्यामुळे ही जोडी वाऱ्यातही सुटत नाही.

हडकुळ्या पोराला 'सुका बोंबील' म्हणायची आपल्याकडे रीतच आहे. पण याच माशावरून एकेकाळी गोऱ्या साहेबांनाही टोपणनाव पडलं होतं.

इंग्रजीत बोंबलाला 'बॉम्बे डक' म्हणतात, म्हणजे मुंबईचं बदक. त्यावरूनच ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई इलाख्यातल्या अधिकाऱ्यांना इतर इलाख्यांतले इंग्रज 'डक्स' म्हणत. मद्रासवाले 'मल्स' झाले, तिथल्या मुलगातानी सारावरून. बंगालवाले झाले 'क्वाय हाय', कारण नोकराला ते सदा 'कोई है?' अशी हाक मारत. हेन्री यूल आणि ए. सी. बर्नेल यांच्या 1886 सालच्या 'हॉब्सन-जॉब्सन' कोशात ही तिन्ही नावं नोंदलेली आहेत.

'डक्स'ची त्या कोशातली जुनी नोंद 1803 ची, आणि ती आहे माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनची. हा तेव्हा चोविशीतला, बंगालच्या नोकरीतून आलेला तरुण, मराठ्यांविरुद्धच्या मोहिमेत इंग्रज सेनापती वेलस्लीच्या छावणीत होता. मुंबईच्या फौजेला किती हालात दिवस काढावे लागतात हे सांगताना त्याने हा शब्द वापरला. पुढे हाच एल्फिन्स्टन पुण्यात रेसिडेंट झाला. 1817 चा पुण्याचा तह त्यानेच पेशव्यांवर लादला, आणि त्या तहाने कल्याणपासून उत्तरेचं कोकण, म्हणजे आमची भिवंडीही, कंपनीच्या हाती गेली. 1819 मध्ये तो मुंबईचा गव्हर्नर, डक्सचा मुख्य झाला.

सुके बोंबील डाकगाडीने जात, डब्यात वास भरे, म्हणून 'बॉम्बे डाक' आणि त्याचं 'डक', ही गोष्ट तुम्ही नक्की ऐकली असेल. ती खरी नाही. बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी सुटली 16 एप्रिल 1853 ला. एल्फिन्स्टनचे डक्स त्याच्या पन्नास वर्षं आधीचे.

आणि त्याही आधी इंग्रजांच्या कानी आपलाच शब्द पडलेला होता. 1673 मध्ये मुंबईत आलेला डॉक्टर जॉन फ्रायर माझगावच्या मासेमारांबद्दल लिहितो, तेव्हा माशाचं नाव 'बंबेलो' असं देतो आणि गरिबांचं पोट त्यावर चालतं असंही सांगतो. म्हणजे फ्रायरला मासा त्याच्या नावासकट भेटला होता. बदक नंतर आलं.

मला इथे न्यूझीलंडची आठवण होते. तिथल्या न उडणाऱ्या किवी पक्ष्यावरून पहिल्या महायुद्धात त्यांच्या सैनिकांना 'किवी' म्हणू लागले आणि पुढे सगळ्या देशानेच ते नाव अभिमानाने मिरवलं. पक्ष्याचं नाव तिथल्या मूळ रहिवाशांनी, माओरींनी ठेवलेलं. इंग्रजांनी ते बदललं नाही, त्यामुळे माओरींचा शब्द जगभर गेला. आमच्या कोळ्यांच्या शब्दाच्या वाट्याला ते भाग्य आलं नाही. डक्स साहेब केव्हाच गेले, 1995 मध्ये बॉम्बेची अधिकृत मुंबई झाली, तरी हॉटेलांच्या मेनूकार्डावर 'बॉम्बे डक' तसंच आहे.

हॉटेलवाल्यांना एवढीच विनंती, इंग्रजी मेनूतसुद्धा 'बोंबील' असंच लिहा. आणि मागवणाऱ्यांनीही तेच नाव घेऊन मागवा.