एक रत्तल धान्याचा वाद

सरकारचे अर्थकारण हा जाणत्यांचा विषय; सामान्य माणसाला त्यातले काय कळणार, असे म्हणण्याची चाल जुनी आहे. या समजुतीची परीक्षा आपल्याच इतिहासात एकदा प्रत्यक्ष धान्याच्या मापाने झाली. ती हकीगत १८७६-७७ च्या दुष्काळातली आहे.

१८७६ साली पावसाने दगा दिला. पुणे, सातारा, नगर, सोलापूर, तसेच बेळगाव, धारवाड आणि कलादगी या जिल्ह्यांतील पिके करपली. मुंबई सरकारने रस्त्यांची व तलावांची कामे काढून लोकांना मजुरी देण्यास प्रारंभ केला. तथापि व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांचे धोरण निराळे होते. धान्याच्या व्यापारात सरकारने हात घालू नये, भाव चढले म्हणजे माल आपोआप येईल, आणि दुष्काळावरील खर्च शक्य तेवढा आखडता असावा, असे ते धोरण होते.

ते अमलात आणण्यासाठी जानेवारी १८७७ मध्ये सर रिचर्ड टेंपल यांना मद्रास व मुंबई इलाख्यांकडे पाठवण्यात आले. याच टेंपलसाहेबांनी १८७४ साली बिहारच्या दुष्काळात ब्रह्मदेशातून तांदूळ आणवून असंख्य जीव वाचवले होते. त्याबद्दल शाबासकी मिळण्याऐवजी उधळेपणाचा ठपका मात्र त्यांच्या माथी बसला. या वेळी त्यांनी दुसरे टोक गाठले. कामावरील पुरुषाला दिवसाला एक रत्तल धान्याची किंमत आणि वर किरकोळ रोकड, एवढी मजुरी पुरेशी आहे, असे त्यांनी ठरवले. रत्तल म्हणजे आजच्या मापाने सुमारे साडेचारशे ग्रॅम. शिवाय गावाजवळची लहान कामे सोडून लोकांनी दूरच्या मोठ्या कामांवर जावे, असा आग्रह सुरू झाला.

मुंबई इलाख्यातील हजारो मजुरांनी याला जे उत्तर दिले, ते मोठे विलक्षण होते. त्यांनी दंगा केला नाही. ते कामावरून उठून गेले. त्यामागचा हिशेब कोणाही गृहिणीला समजेल असा होता. दिवसभर खडी फोडणाऱ्याला एक रत्तल धान्य पुरत नाही. त्या धान्याला मीठ लागते, सरपण लागते. दूरच्या कामावर जायचे तर घर, उरलीसुरली गुरे आणि म्हातारी माणसे कोणाच्या हवाली करायची?

हा हिशेब सरकारदरबारी मांडण्याचे काम पुण्याच्या सार्वजनिक सभेने पत्करले. २ एप्रिल १८७० रोजी स्थापन झालेल्या या सभेचा एक नियम ध्यानात ठेवण्याजोगा आहे. सभासद होऊ इच्छिणाऱ्याने निदान पन्नास प्रौढ माणसांचे मुखत्यारपत्र आणले पाहिजे, असा तो नियम होता. आरंभीच्या ९५ सभासदांच्या पाठीशी अशी सुमारे सहा हजार माणसे उभी होती. सभेचे प्राण म्हणजे गणेश वासुदेव जोशी, लोकांचे सार्वजनिक काका. १८७७ च्या दिल्ली दरबाराला ते हातसुताची खादी नेसून गेले होते. सभेने जिल्ह्याजिल्ह्यांतून दुष्काळाची माहिती गोळा केली, सरकारला पत्रांमागून पत्रे लिहिली आणि एक रत्तलाचे माप अपुरे असल्याचे निक्षून सांगितले.

अधिकाऱ्यांचे म्हणणे असे, की ज्यांना काम सोडून जाणे परवडते ते खरे गरजू नव्हेतच. मजूर गेले ही गोष्ट दोन्ही पक्षांना मान्य होती. सरकारला ती सुबत्तेची खूण वाटली, आणि सभेला त्याच गोष्टीत मजुरीच्या अपुरेपणाचा पुरावा दिसला. त्याच सुमारास मद्रासचे आरोग्याधिकारी डॉ. कॉर्निश यांनी शास्त्राच्या आधारे तेच सांगितले. तुरुंगातील कैद्यालाही याहून अधिक अन्न मिळते, हे त्यांनी दाखवून दिले, आणि पुढे मद्रास सरकारने मजुरी वाढवली. न शिकलेल्या मजुराचा अनुभव आणि वैद्याचे गणित अशा रीतीने एकाच उत्तराशी येऊन मिळाले.

सभेला तात्काळ यश आले, असे मात्र म्हणता येत नाही. टेंपल त्याच वर्षी मुंबईचे गव्हर्नर झाले. १८७६ ते १८७८ या काळात ब्रिटिश अमलाखालील मुलखात सुमारे ५५ लाख माणसे दगावली, असा अंदाज सांगितला जातो. परंतु पुढे नेमलेल्या दुष्काळ आयोगाने १८८० च्या अहवालात राबत्या माणसाच्या आहाराचे माप एक रत्तलाच्या वर नेले, आणि १८८३ साली दुष्काळी कायद्याचा मसुदा तयार झाला.

या कायद्याचा खरा उपयोग १८९६-९७ च्या दुष्काळात दिसला. लोकमान्य टिळकांनी ‘केसरी’तून आणि सभेच्या माणसांनी गावोगाव फिरून शेतकऱ्यांना त्यातील कलमे मराठीत समजावून सांगितली. मदत ही कृपा नसून ठरलेला हक्क आहे, हे कुणब्याला प्रथमच कळले. सरकारला ते रुचले नाही. १८९७ मध्ये लोकांची प्रतिनिधी म्हणून सभेला असलेली मान्यता काढून घेण्यात आली.

मान्यता गेली, परंतु कुणब्याला कळलेला हक्क काढून घेण्याची सोय कोणत्याच हुकुमात नव्हती. अंदाजपत्रकात ज्याला बचत म्हणतात ती कोणाच्या ताटातून झाली, हे त्या ताटावर बसणाऱ्यालाच आधी कळते. त्याचे म्हणणे ऐकून, पडताळून, आकड्यांसह मांडणारी माणसे १८७७ साली पुण्यात होती. अशी माणसे ज्या गावात असतील, त्या गावाला अर्थकारण हा परका विषय वाटण्याचे कारण नाही.