पडद्यावरचे ‘साठ’ कोठून आले?

मुरबाड तालुक्यातील धसई गावात एखाद्या शाळेने नवा मॉनिटर आणला, असे आपण समजू. खोक्यावर छापले आहे १४४ हर्ट्झ, म्हणजे हा पडदा सेकंदाला १४४ वेळा नवे चित्र दाखवू शकतो. संगणक मात्र ६० वरच अडून बसतो. भिंतीतून येणारी वीज तर ५० हर्ट्झची. मग खोक्यावर नसलेला आणि विजेतही नसलेला हा ६० चा आकडा आला कोठून? मॉनिटर सदोष ठरवून परत पाठवण्याआधी या आकड्याचा इतिहास पाहावा, असे आम्हांला वाटते. दोष शोधण्याची वाट त्यातूनच सापडते.

सुरुवात डोळ्यापासून करू. ७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिए बंधूंची चलच्चित्रे दाखवण्यात आली. त्यांत सेकंदाला साधारण १६ चित्रे सरकत. एवढ्यावर हालचाल सलग भासते, पण उजेड लुकलुकत राहतो. लुकलुक जाणवू नये यासाठी सेकंदाला सुमारे ५० वेळा तरी उजेड पडावा लागतो. बोलपटांच्या काळात २४ चित्रांचा दर रूढ झाला, तेव्हा प्रक्षेपकातील फिरती झडप प्रत्येक चित्र दोनदा दाखवू लागली. चित्रे २४ च, पण उजेड ४८ वेळा.

दूरचित्रवाणीने हीच युक्ती वेगळ्या रीतीने वापरली. एका चित्रातील आधी एकाआड एक ओळी काढायच्या, मग उरलेल्या. अशी २५ पूर्ण चित्रे ५० अर्ध्या भागांत पाठवली जात. ५० हा आकडा मात्र डोळ्याने एकट्याने ठरवलेला नव्हता. सुरुवातीच्या संचांत वीजपुरवठ्याची स्पंदने थोडीफार चित्रात झिरपत. चित्राचा आणि विजेचा दर वेगळा असेल, तर पडद्यावर एक काळपट पट्टा वरखाली सरकत राही. दर सारखा असेल, तर तो जागच्या जागी राही आणि नजरेत भरत नसे. म्हणून जिथे वीज ५० हर्ट्झची, तिथे ५० चा दर आला. मुंबईत २ ऑक्टोबर १९७२ रोजी दूरदर्शन केंद्र सुरू झाले, ते याच दराने. अमेरिकेतील वीज ६० हर्ट्झची, म्हणून तिथे ६०. पुढे १९५३ मध्ये तिथे रंगीत प्रक्षेपणाची पद्धत ठरली. रंगाचा संकेत आणि आवाजाचा संकेत एकमेकांत मिसळून चित्र बिघडू नये, यासाठी हा दर हजारात एक भागाने उतरवला गेला. ६० चे ५९.९४ झाले.

संगणकाला पडदा जोडण्याचे काम आपल्याकडेही लवकर झाले होते. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० मध्ये कार्यान्वित झालेल्या ‘टिफ्रॅक’ला आलेख व अक्षरे दाखवणारी किरणनळी होती. परंतु शाळांत आणि घरांत पोचलेले संगणक अमेरिकी वंशाचे निघाले. आयबीएम कंपनीने १९८७ मध्ये ‘व्हीजीए’ पद्धत आणली. तिच्या ६४० गुणिले ४८० बिंदूंच्या चित्रात सेकंदाला सुमारे ३१,४६९ ओळी काढल्या जात. अमेरिकी दूरचित्रवाणीच्या १५,७३४ ओळींच्या ही बरोबर दुप्पट, आणि चित्राचा दर तोच, ५९.९४. आजच्या संगणकातील यादीत ‘५९.९४’ दिसले, तर तो बिघाड नव्हे. १९५३ च्या त्या तडजोडीची ती खूण आहे.

जुन्या किरणनळीच्या पडद्यावर ६० चा दर डोळ्यांना त्रास देई, म्हणून लोक तो ७५ किंवा ८५ वर नेत. न झेपणारा दर दिल्यास मात्र चित्रच नाहीसे होई. यावर उपाय म्हणून १९९४ पासून मॉनिटरने आपली क्षमता केबलमधूनच संगणकाला कळवावी, अशी पद्धत आली. ही ओळख पटली नाही, तर संगणक सर्वांना चालणारा दर धरतो. तो बहुधा ६० असतो.

आता केबलचा हिशोब करू. १९२० गुणिले १०८० बिंदूंच्या चित्राभोवती मोकळी जागाही मोजतात. किरणझोताला परत फिरायला लागणाऱ्या वेळेचा तो वारसा आहे. ती धरून २२०० गुणिले ११२५ बिंदू होतात. सेकंदाला ६० चित्रांसाठी हे झाले १४ कोटी ८५ लाख बिंदू. १२० चित्रांसाठी २९ कोटी ७० लाख. एचडीएमआय जोडणीच्या सुरुवातीच्या आवृत्त्यांची मर्यादा होती १६ कोटी ५० लाख. २००६ मध्ये ती ३४ कोटींवर गेली. म्हणजे जुन्या जोडणीतून ६० सहज जातात, १२० जात नाहीत.

धसईच्याच उदाहरणाने हे स्पष्ट होईल. डिसेंबर २०१६ मध्ये हे गाव राज्यातील पहिले रोकडविरहित गाव म्हणून गाजले. दुकानदाराच्या हातातील कार्ड घेणारे यंत्र कितीही चांगले असले, तरी व्यवहार पुरा होण्यासाठी वीज, दूरध्वनीचे जाळे आणि बँकेचा संगणक यांची साथ लागते. यांतले एक मंदावले की सगळेच मंदावते. मॉनिटरवरील १४४ हा त्याचा एकट्याचा आकडा आहे. ६० हा संपूर्ण साखळीचा.

म्हणून तपास साखळीच्या क्रमाने, एका वेळी एकच गोष्ट बदलून करावा. प्रथम संगणकाच्या पडदाविषयक मांडणीत वरचा दर निवडता येतो का, ते पाहावे. पुष्कळदा तो नुसता निवडायचा राहिलेला असतो. मग केबल संगणकातील चित्र-कार्डाच्या खाचेत आहे की मुख्य पाटीच्या, हे तपासावे. त्यानंतर केबल आणि मधला रूपांतरक बदलून पाहावा. मग चित्र-कार्डाची आज्ञावली अद्ययावत करावी. मॉनिटरवर संशय शेवटी घ्यावा. पाठ लिहिणे, तक्ते करणे, चित्रफीत पाहणे यांसाठी ६० पुरेसे असतात, हेही खर्च करण्यापूर्वी ध्यानात ठेवावे. आजच्या सपाट पडद्यामागचा उजेड सहसा चित्राच्या दराने लुकलुकत नाही. वरच्या दराचा लाभ मुख्यतः वेगवान हालचालीत दिसतो.

वर्गासाठी एक प्रयोग सुचवतो. १२८० गुणिले ७२० च्या चित्रात मोकळ्या जागेसह १६५० गुणिले ७५० बिंदू असतात. १२० च्या दराने किती होतात, ते विद्यार्थ्यांनी काढावे. उत्तर पुन्हा १४ कोटी ८५ लाख येईल. आता बिंदूंची संख्या एवढी उतरवून यादी पाहावी. त्यात १२० चा दर प्रकट झाला, तर पडदा निर्दोष आहे आणि अडचण बहुधा वाटेत आहे, हे नवी वस्तू विकत न घेताच कळेल.