वलयप्रवाहातील भारविनिमय

भूचुंबकीय वादळाच्या काळात पृथ्वीभोवती फिरणारे ऊर्जावान आयन बाह्य वातावरणातील हायड्रोजन अणूंवर आदळतात व त्यांचा इलेक्ट्रॉन स्वतःकडे घेतात, ती प्रक्रिया. वादळ ओसरण्याच्या प्रमुख कारणांत तिची गणना होते. या ओसरण्याची भारतातील सर्वांत दीर्घ नोंदमालिका मुंबईतील कुलाबा वेधशाळेत सुरू झाली आणि रायगड किनाऱ्यावरील अलिबाग चुंबकीय वेधशाळेत (१८° ३८′ उ., ७२° ५२′ पू.) पुढे चालू राहिली.

स्वरूप : पृथ्वीच्या त्रिज्येच्या सुमारे ३ ते ८ पट अंतरावर प्रोटॉन व ऑक्सिजन आयन पश्चिमेकडे सरकतात. त्यांच्यापासून होणाऱ्या विद्युत्‌प्रवाहाला वलयप्रवाह म्हणतात. या आयनांची ऊर्जा साधारणपणे १० हजार ते २ लाख इलेक्ट्रॉन व्होल्ट असते. प्रवाह वाढला की विषुववृत्तालगतच्या ठिकाणी भूचुंबकीय क्षेत्राचा क्षितिजसमांतर घटक घटतो. हायड्रोजन अणूचा इलेक्ट्रॉन मिळताच वेगवान आयन उदासीन होतो. चुंबकीय क्षेत्र त्याला धरून ठेवू शकत नाही आणि तो सरळ निघून जातो. मागे उरतो तो मंद प्रोटॉन. त्याच्या ठायी ऊर्जा नगण्य असल्याने प्रवाह क्षीण होतो. वादळाच्या ओसरत्या टप्प्याचे हे स्पष्टीकरण डेसलर व पार्कर यांनी १९५९ मध्ये मांडले.

इलेक्ट्रॉन स्पिनचे बंधन : प्रोटॉन व हायड्रोजन यांच्या टकरीत इलेक्ट्रॉन एकच असतो. तो आपल्या स्पिनसह दुसऱ्या केंद्रकाकडे जातो, त्यामुळे स्पिनचा अडसर येत नाही. ऑक्सिजन आयनाची गोष्ट वेगळी आहे. मूळ अवस्थेत त्याच्या तीन अयुग्मित इलेक्ट्रॉनांचे स्पिन समांतर असतात व एकूण स्पिन ३/२ असतो. हायड्रोजनचा १/२ त्यात मिळवला की जोडीचा एकूण स्पिन २ किंवा १ होतो. संभाव्य आठ अवस्थांपैकी पाच पहिल्या प्रकारच्या व तीन दुसऱ्या प्रकारच्या असतात. टक्कर इतकी अल्पकालिक आणि स्पिनवर परिणाम करणारी बले इतकी दुबळी असतात, की एकूण स्पिन बदलत नाही (विग्नर नियम). मूळ अवस्थेतील ऑक्सिजन अणूचा स्पिन १ असतो व सुट्या प्रोटॉनजवळ इलेक्ट्रॉनच नसतो. म्हणून या मार्गाने भारविनिमय आठपैकी तीन अवस्थांतच घडू शकतो. ऑक्सिजनची आयनीकरण ऊर्जा १३.६२ व हायड्रोजनची १३.६० इलेक्ट्रॉन व्होल्ट, म्हणजे जवळजवळ सारखी आहे. त्यामुळे हे बंधन असूनही कमी ऊर्जेला प्रक्रिया सुलभ असते. ऊर्जा वाढल्यावर उत्तेजित अवस्थांचे मार्गही खुले होतात. सुमारे ५० हजार इलेक्ट्रॉन व्होल्टच्या पुढे प्रोटॉनाच्या भारविनिमयाची शक्यता झपाट्याने कमी होते. ऑक्सिजन आयनाची तितकी कमी होत नाही. मोठ्या वादळांत ऑक्सिजनचे प्रमाण वाढते. म्हणून ओसरण्याचा वेग हा वलयप्रवाहाच्या घटनेचा एक निर्देशक ठरतो.

कुलाबा-अलिबाग नोंदी : ईस्ट इंडिया कंपनीने १८२६ मध्ये कुलाबा वेधशाळा स्थापन केली. तेथे चुंबकीय निरीक्षणे १८४१ मध्ये ए. बी. ऑर्लेबार यांच्या काळात सुरू झाली. प्रारंभी निरीक्षक डोळ्यांनी वाचन घेत. छायाचित्रण पद्धती १८७२ पासून आली. पहिले भारतीय संचालक नानाभॉय अर्देशीर फ्रामजी मूस यांच्या काळात मुंबईत विजेच्या ट्रामगाड्या येणार असे ठरले. ट्रामच्या प्रवाहाने चुंबकमापन बिघडले असते. म्हणून मुंबईच्या दक्षिण-आग्नेयेस सुमारे ३० किमी. वर असलेले अलिबाग निवडण्यात आले. उपकरणांच्या इमारतींसाठी चुंबकत्व नसलेला पोरबंदरचा दगड वापरला. वेधशाळा १९०४ मध्ये सुरू झाली. १९०६ पर्यंत दोन्ही ठिकाणी एकाच वेळी निरीक्षणे घेतल्यामुळे जुनी व नवी मालिका बिनचूक जोडता आली. ट्राम विजेवर धावल्या त्या १९०७ मध्ये. या दूरदृष्टीचे मोल फार मोठे आहे. मूस यांनी १८४६ ते १९०५ च्या निरीक्षणांचा दोन भागांतील ग्रंथ १९१० मध्ये प्रसिद्ध केला. वादळात क्षितिजसमांतर घटक आधी किंचित वाढतो, मग खूप घटतो व नंतर सावकाश पूर्ववत होतो, हे त्यांनी अनेक वादळांच्या सरासरीतून दाखवले.

अलिबाग चुंबकीय विषुववृत्तावरील आयनांबरातील तीव्र प्रवाहाच्या, म्हणजे विद्युत्‌झोताच्या पट्ट्याबाहेर आहे. ध्रुवीय प्रकाशाच्या प्रदेशापासूनही ते दूर आहे. त्यामुळे वलयप्रवाहाचा परिणाम येथे तुलनेने स्वच्छ दिसतो. चुंबकीय विषुववृत्तालगतच्या तिरुनेलवेलीच्या नोंदींतून अलिबागच्या नोंदी वजा करून विद्युत्‌झोताची तीव्रता काढण्याची पद्धत रूढ आहे.

१८५९ चे वादळ : २ सप्टेंबर १८५९ रोजी कुलाब्यात क्षितिजसमांतर घटक सुमारे १,६०० नॅनोटेस्लाने घटल्याची नोंद आहे. ही घट लवकरच बरीचशी भरून निघाली. त्सुरुतानी व सहकाऱ्यांनी २००३ मध्ये या नोंदीचे विश्लेषण प्रसिद्ध केले. ही घट सर्वस्वी वलयप्रवाहाची होती की आयनांबरातील प्रवाहांचाही तीत वाटा होता, याविषयी मतभेद आहेत. निव्वळ भारविनिमयाने इतक्या वेगाने वादळ ओसरणे कठीण, असेही काही अभ्यासक मानतात.

मापन : आधुनिक वेधशाळांत एकूण क्षेत्र प्रोटॉनच्या परांचनावरून (स्पिन-अक्षाच्या भोवऱ्यासारख्या डोलण्यावरून) मोजतात. अलिबागच्या क्षेत्रात प्रोटॉन सेकंदाला सुमारे १,८०० वेळा परांचन करतो. ओव्हरहाउझर प्रकारच्या उपकरणात मुक्त मूलकातील इलेक्ट्रॉनांचे स्पिन-ध्रुवण प्रोटॉनांकडे संक्रमित करून संकेत बळकट केला जातो.

अवकाशातील निरीक्षण : भारविनिमयातून सुटणाऱ्या उदासीन अणूंच्या साहाय्याने वलयप्रवाहाच्या प्रतिमा २००० मध्ये सोडलेल्या ‘इमेज’ उपग्रहाने घेतल्या.

१९७१ पासून अलिबाग वेधशाळा भारतीय भूचुंबकत्व संस्थेकडे आहे. संस्थेचे मुख्यालय नवीन पनवेल येथे, म्हणजे रायगड जिल्ह्यातच आहे. ट्राममुळे कुलाबा सोडावे लागले हे ध्यानात घेता, अलिबागच्या परिसरात विजेवरील वाहतूक व मोठी लोखंडी बांधकामे दूर ठेवणे या मालिकेच्या सातत्यासाठी अत्यावश्यक आहे.